डोंगर, पाऊस आणि माणूस : डांगच्या कोकणा समाजाची जीवनरीत



शाळेत भूगोल शिकलेल्या आपणा सर्वांना एक धडा आठवत असेल. बर्फाच्या घरात राहणारा एस्किमो, वाळवंटात तंबू घेऊन हिंडणारा बदाउनी, विषुववृत्ताच्या अरण्यातला पिग्मी. तिघांची तीन चित्रे आणि खाली एक वाक्य, की हवामानाप्रमाणे माणसाचे अन्न, वस्त्र आणि निवारा बदलतो. एस्किमोंना आता त्यांच्याच भाषेतल्या ‘इन्युइट’ या नावाने ओळखतात. परंतु धड्याचा साचा फारसा बदललेला नाही. त्या धड्यात मला दोन गोष्टी नेहमी खटकत आल्या. एक अशी, की हवामानाने घडविलेला माणूस नेहमी सातासमुद्रापलीकडे असतो. दुसरी अशी, की हवामानाने त्याला एकदा घडविले म्हणजे त्याची गोष्ट संपते. पुढे त्याच्यावर कायदे झाले, कर बसले, त्याचे रान कुणी मागून घेतले, याचा त्या धड्याशी काही संबंध उरत नाही.

आज या विषयासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. आपल्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून बारडोलीची वाट धरावी, व्यारा ओलांडून पुढे जावे, की शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत डांगचा डोंगराळ मुलूख लागतो. तिथे राहणाऱ्या कोकणा समाजाविषयी मी बोलणार आहे. त्यांना कुणी कुकणा म्हणतात, कुणी कोकणी. महाराष्ट्रात सुरगाणा, पेठ, कळवण, साक्री या भागांत आणि गुजरातेत डांग, वांसदा, धरमपूर या भागांत त्यांची वस्ती आहे. दोन्ही राज्यांत त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. त्यांची बोली आपल्या मराठीला आणि अहिराणीला इतकी जवळची आहे, की आपल्यापैकी खानदेशातून आलेल्यांना ती पहिल्या दिवशी अर्धी आणि आठवड्यात बहुतेक सगळी कळावी. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन डांग गुजरातेत गेला, त्याआधी डांगी बोली मराठी की गुजराती, यावर मोठे वादंग माजले होते. त्या वादात आवाज मुख्यतः बाहेरच्यांचेच होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

प्रथम भूमी पाहू. ‘डांग’ हा शब्द आपल्या मराठीत जुना आहे. डोंगराळ, झाडीचा, चढउताराचा मुलूख तो डांग. अकोले-इगतपुरीकडच्या पट्ट्यालाही ‘डांगाण’ म्हणतात. आजचा डांग जिल्हा १,७६४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आकाराने लहान. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या थोडी वर आणि तीत शंभरात नव्वदांहून अधिक माणसे आदिवासी. सह्याद्रीचा पश्चिम उतार इथे पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या नद्या याच उतारावरून निघून समुद्राकडे धावतात. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो, या भिंतीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि रिता होतो. म्हणून सुरतेला वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असेल, तर डांगात तो दोन हजारांच्या पुढे जातो आणि डोंगर ओलांडून धुळ्याला पोचेतो पाच-सहाशेंवर येतो. एवढे सगळे पाणी चार महिन्यांत पडते. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे.

आणि पडलेले पाणी थांबत नाही. खाली काळा कातळ, वर उतारावर वीत-दोन वीत माती. पाणी मातीत मुरण्यापेक्षा मातीला घेऊन पळते. फाल्गुन-चैत्रात झरे आटतात. ज्या मुलखाला गुजरातेतला सर्वाधिक पाऊस लाभतो, तिथल्याच बायकांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. चार महिने पाणी फार आणि आठ महिने पाणी नाही, ही कोकण्यांपुढची मूळ अडचण. त्यांची शेती, त्यांचे घर, त्यांची जनावरे, त्यांचे देव हे सारे या एका अडचणीवर पिढ्यानुपिढ्या शोधलेली उत्तरे आहेत, असे मला वाटते.

या उत्तरांतले सर्वांत बुद्धिमान उत्तर म्हणजे राब. शहरी माणसाने राब भाजताना पाहिला तर त्याला वाटते, की हे लोक रान जाळीत आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. चैत्र-वैशाखात शेताचा एक लहानसा तुकडा निवडतात. त्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या फांद्यांचा वाळलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, मग गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर देतात. मग वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावतात, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत राहते. त्या संथ उष्णतेने जमिनीतले तणाचे बी मरते, किडीची अंडी मरतात, आणि वर राखेचा थर राहतो, ज्यात पिकाला लागणारे पोटॅश भरपूर असते. मृगाचा पहिला पाऊस पडला की या तुकड्यावर नागली किंवा भात पेरतात. रोपे जोमाने वाढतात आणि आषाढात आभाळ फाटते तेव्हा ती हातभर उंच झालेली असतात. मग त्यांची आवणी होते. भाताची खाली खाचरात, नागलीची वर उतारावरच्या वरकस जमिनीत.

आता याचे मर्म पाहा. उतारावर सरळ बी पेरले असते तर जुलैच्या पहिल्या मुसळधारेत ते मातीसकट वाहून गेले असते. पाऊस ओसरण्याची वाट पाहिली असती तर पीक तयार व्हायला ओल उरली नसती. राबाने रोपाला महिनाभराची आघाडी मिळते. चार महिन्यांच्या पावसात पाच महिन्यांचे पीक बसविण्याची ही युक्ती आहे. आणखी एक बाब अशी, की सगळे शेत खतावण्याइतके शेण आणि पाला कुणाकडे नसतो. परंतु लहानशा तुकड्यापुरता असतो, आणि त्या तुकड्यातली रोपे कितीतरी मोठ्या क्षेत्राला पुरतात.

परंतु राबाला टहाळ लागतो, आणि टहाळ येतो रानातून. फांद्या छाटल्या तरी झाड मरत नाही, पुन्हा फुटते. फक्त शेताच्या मानाने झाडे पुष्कळ हवीत. म्हणजे रान हे या शेतीच्या कुंपणापलीकडचे नाही; ते शेताचाच दुसरा अर्धा भाग आहे. या मुद्द्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

नागलीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. आपण जिला नाचणी म्हणतो तीच ही. तिला चिखल लागत नाही, साचलेले पाणी नको असते, उतारावरची हलकी माती चालते. तिचा दाणा मोहरीएवढा, परंतु त्याला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवून शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. जिथे एका वर्षी पाऊस जास्त आणि दुसऱ्या वर्षी वेळेवर नाही, तिथे टिकणारे धान्य म्हणजे घरातली ठेव. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कित्येक पट. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि नागलीची बिस्किटे दुकानांत मानाने बसली. वघईला कृषी विद्यापीठाचे डोंगरी भरडधान्यांचे संशोधन केंद्र आहे, तिथे नागलीच्या सुधारित जातींवर काम चालते. हे चांगलेच आहे. मात्र ज्या बाईने हे बी कणगीत राखले तिच्या धान्याला ‘हलके धान्य’ म्हणणारेही आपणच होतो.

शेतीने वर्षातले सहा-सात महिने भागत. बाकीचे रान भागवी. आषाढात, जेव्हा कणगी तळाला गेलेली असते, तेव्हा रानात तेरा उगवतो, म्हणजे रानअळूची कोवळी पाने. डांगात त्याचा सणच आहे, ‘तेरा’. तो झाल्यावाचून ही पाने खात नाहीत. कोवळा कोंब पहिल्याच पावसात ओरबाडला तर पुढे कंद धरणार नाही, हे शहाणपण तिथे सणाच्या रूपाने पाळले जाते असे मी समजतो. मग बांबूचे कोंब येतात, ज्यांना वास्ते म्हणतात. नदीनाल्यांत मासे आणि खेकडे चढतात. उन्हाळ्यात मोहाची फुले, टेंभुर्णीची फळे, आंबे, कंद. मोहाचे फूल वाळवून ठेवले तर तेही धान्यासारखे टिकते. आपल्या कोकणपट्टीत पावसाच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात आणि चार महिन्यांच्या साठवणीला ‘आगोटीची बेगमी’. डांगातल्या घराची सारी रचना या बेगमीभोवती आहे. मधोमध चूल, तिच्यावर धुरात टांगलेली बियाण्याची कणसे, कडेला कणगी. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती आणि शेण लिंपलेल्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते, पुन्हा बीजातून उगवते. डोंगरउताराला तोटा नाही. मातीची जाड भिंत पावसात कोसळली असती. कुडाची भिंत ओली होते, वाळते, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपता येते. छप्पर उतरते, वळचण खाली ओढलेली. शेतात वाकून आवणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर बांबूचे आणि पानांचे इरले. तेही एक छप्परच, माणसाबरोबर चालणारे.

गायसुद्धा याच पावसाने घडविली आहे. या सह्याद्रीच्या पट्ट्यात डांगी नावाची गाय आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे दिवसदिवस पाऊस झेलूनही ती गारठत नाही. तिचे खूर काळे आणि कठीण, खडकावर झिजत नाहीत. सपाटीवरचा धिप्पाड बैल तिथे एका पावसाळ्यात आजारी पडेल.

आता देवांकडे वळू, कारण तिथेही पाऊस आणि उतारच आहेत. अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, बांबूच्या टोपलीत माती घालून धान्ये रुजवितात. ही पूजा तर आहेच, पण कोणते बी उगवते आणि कोणते नाही, हे पेरणीआधी महिनाभर कळण्याची सोयही आहे. अन्नाची देवता कणसरी. ती पुराणांतून आलेली नाही; ती कणसातून आली आहे. तिची कथा रात्रभर थाळीवर गातात. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवितात आणि त्या काडीवरून बोटे ओढली की एक अखंड घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर कथेकरी कथा सांगतो. मी आयुष्यभर मराठी शिकविले, आणि कथाकाव्याचा इतिहास सांगताना आपण महानुभावांपासून आरंभ करतो. या थाळीच्या सुरावरची कथा त्या इतिहासात कुठे बसवावी, याचे उत्तर आमच्या पाठ्यक्रमांनी अजून दिलेले नाही. डाह्याभाई वाढू यांनी कुकणा कथांचे संकलन केले आणि त्यातली रामकथा पुढे इंग्रजीतही गेली. पण मराठीच्या वर्गात ती आली नाही.

अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. तेव्हा गुरे रानात चरत असतात, गवत उंच असते, वाघबिबट्याची भीती खरी असते. वेशीवर वाघदेवाचा कोरलेला खांब, त्यावर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र. मार्गशीर्षात, कापणी होऊन धान्य घरात आल्यावर, डोंगरदेव. पुरुष व्रतस्थ होतात, गावोगाव नाचत हिंडतात, आणि अखेरच्या रात्री डोंगराशी जाऊन पहाटेपर्यंत पावरी वाजवितात. दुधीचा भोपळा, बांबू, शिंग आणि मेण यांची ही पावरी, वर मोरपिसांचा तुरा. बनविण्यासाठी दुकानातून काही आणावे लागत नाही. ज्या डोंगराने पाऊस अडविला त्याचे ऋण धान्य हाती आल्यावर फेडायचे, इतका हा सरळ हिशेब.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, की मग शाळेतला धडा बरोबरच होता. भूगोलाने माणूस घडविला. एकोणिसाव्या शतकातील जर्मन भूगोलज्ञ राट्झेल आणि त्याचे अनुयायी साधारण असेच म्हणत. परंतु फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश याने याला उत्तर दिले, की निसर्ग शक्यता मांडतो, त्यांतून निवड माणूस करतो. याचा पुरावा डांगातच आहे. त्याच पावसात, त्याच उतारावर कोकण्यांच्या शेजारी भिल्ल राहत आले. कोकणा कोकणातून वर आले, अशी त्यांची परंपरा सांगते. राबाची आणि कणसरीची रीत पालघरकडच्या वारल्यांशी जुळते, तेव्हा त्या परंपरेत तथ्य असावे. सारख्या पावसाच्या मुलखातून आलेली माणसे आपली शेती बरोबर घेऊन आली आणि नांगर, गुरे, कणगी यांत रमली. भिल्लांनी शिकार, मासे, मोह आणि राज्य यांना अधिक महत्त्व दिले. डांगचे राजे भिल्ल होते. भोवतालच्या सपाटीवरच्या गावांकडून ते गिरासहक्क वसूल करीत. आजही फाल्गुनात, होळीच्या आधी, आहव्याला डांग दरबार भरतो आणि गाढवी, लिंगा, आमळा, वासुर्णा व पिंपरी येथील पाच राजघराण्यांना मानाने सालाना दिला जातो. एकच हवामान आणि दोन जीवनरीती.

या रानाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद रक्तात आहे. डांगचा हिवताप बाहेरच्या माणसाला मानवत नसे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत अधिकारीवर्ग तिकडे जायला धजत नसे. दक्षिण गुजरातेतील अनेक आदिवासी जमातींत सिकलसेलचा गुण आढळतो. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर माणूस आयुष्यभर वेदनेचा धनी होतो. हिवतापाच्या रानाशी केलेल्या शेकडो वर्षांच्या तडजोडीची ही किंमत आहे.

आता कायद्यांकडे येतो, ज्यांचा उल्लेख त्या धड्यात नसतो. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून रानाचे पट्टे लिहून घेतले. मुंबईला जहाजबांधणीसाठी साग हवा होता, आणि डांगात तो उत्तम होता. राजांना वाटले आपण झाडे दिली. सरकारला वाटले आपण रान घेतले. पुढे १८७८ चा वनकायदा आला, रानाचा भाग ‘राखीव’ झाला, आणि राखीव रानात कुऱ्हाड, आग, चराई, फिरती शेती हे सारे गुन्हे ठरू लागले. आपल्या मराठीत फिरत्या शेतीला जागोजागी नावे होती, कुलाब्याकडे दळी, दक्षिण कोकणात कुमरी. सरकारी कागदांत ती नावे आली ती बहुधा निषेधाच्या रूपानेच. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या निर्बंधांवर इतका असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा त्या चौकशीतला एक प्रमुख विषय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी डांगातही बंडाळ्या झाल्या आणि रानाला आगी लागल्या.

मघाशी मी म्हटले, की रान हा शेताचाच अर्धा भाग. कायद्याने या दोहोंमध्ये रेघ ओढली. शेत हे शेतकऱ्याचे, रान हे सरकारचे. आणि सरकारच्या नजरेत सागाला किंमत, मोहाला आणि टेंभुर्णीला त्या मानाने नाही. कोकण्यांच्या वर्षाचे जे दोन भाग होते, चार महिन्यांची शेती आणि आठ महिन्यांचे रान, त्यांतला दुसरा भाग हळूहळू ताब्यातून गेला. २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्याने कसत असलेल्या वनजमिनीवरचा आणि गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. ते न्यायाचे पाऊल होते. परंतु तोवर पिढ्यांची वाट डोंगर उतरून खाली वळली होती.

कुठे वळली, ते आपल्याला ठाऊक आहे. तापीवर काकरापारचा बंधारा १९५४ साली झाला, उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. या धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावेही बहुतांशी आदिवासींचीच. कालव्यांचे पाणी आपल्या पलसाणा-बारडोली भागातल्या काळ्या जमिनीत आले आणि जिथे ज्वारी आणि कापूस होता तिथे ऊस उभा राहिला. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५५ सालचा. मागोमाग चलथाण आणि इतर. आता गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही तरी पाहा. उसाला तोडणी लागते ती दिवाळीनंतर, नेमकी त्या महिन्यांत, जेव्हा डोंगरात पीक निघून गेलेले असते आणि रान बंद असते. डांग, सुरगाणा, नवापूर, साक्री, धडगाव इथून कोकणा, भिल्ल, वारली, मावची, पावरा अशी कुटुंबे ट्रकांतून खाली येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते.

हे सर्व भूगोलानेच घडवून आणले, असे म्हणण्याचा मोह होतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ पासून दक्षिण गुजरातेत मजुरांचा अभ्यास करीत आले. त्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. या सपाटीवर भूमिहीन हळपती हजारोंनी राहतात. मग ऊस तोडायला माणसे डोंगरातून का आणावी लागतात? त्यांचे उत्तर असे, की परमुलखातला माणूस रात्रीअपरात्री कामाला उभा राहतो, उचल घेतलेली असल्याने सोडून जात नाही, आणि भांडायला त्याच्यामागे गाव नसते. म्हणजे डोंगरातला दुष्काळाचा ऋतू भूगोलाचा. त्या ऋतूचा उपयोग कसा करून घ्यायचा, हा निर्णय माणसांचा.

एका शब्दाचा प्रवास सांगतो, भाषेच्या शिक्षकाला एवढी सवलत असावी. ‘खावटी’. खाण्यासाठी दिलेले ते खावटी. मूळ अर्थ पावसाळ्यातल्या उपासाच्या महिन्यांत सावकाराने दिलेले धान्य, जे कापणीनंतर वाढीव मापाने परत करायचे. पुढे महाराष्ट्र शासनाने त्याच उपासाच्या महिन्यांसाठी ‘खावटी कर्ज’ योजना काढली. आणि उसाच्या फडात ‘खावटी’ म्हणजे मुकादमाने हंगामात पोटापुरते दिलेले, जे शेवटी टनाच्या मजुरीतून कापून घ्यायचे. कणगीच्या तळाशी जन्मलेला शब्द कारखान्याच्या हिशेबवहीत येऊन बसला. आषाढातली भूक तेरा आणि वास्ते भागवीत असत तेव्हा या शब्दाची गरज कमी होती, असे मला वाटते.

शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना शाळेची गोष्ट टाळता येणार नाही. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतो, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशीच मूल गावच्या शाळेतून निघालेले असते. डांगातले मूल गुजराती अक्षरे शिकलेले असते, सुरगाण्याचे आणि नवापूरचे मराठी. पडावावर दोघांच्या कोपी शेजारी असतात, घरची बोली जवळजवळ एक, आणि पाटीवरची लिपी दोन. महाराष्ट्रात साखरशाळांचे प्रयोग झाले, गुजरातेत हंगामी वसतिगृहे आणि तंबूतले वर्ग झाले; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार या मुलांनाही दिला. तरी या भागात ज्या थोड्या शाळांत मराठी आणि गुजराती दोन्ही जाणणारे शिक्षक एका छताखाली आहेत, त्यांत आपली शाळा आहे. माजी विद्यार्थी मंडळाने या दिवाळीनंतर जवळच्या एखाद्या पडावावर संध्याकाळचे दोन तास दोन्ही लिप्यांतला वर्ग चालवून पाहावा, ही माझी सूचना मी विश्वस्तांकडे लेखीही दिली आहे. शिकवायला गेलेल्यांनी मुलांना एस्किमोंचा धडा अवश्य सांगावा. पण आधी त्यांच्याकडून राब कसा भाजतात ते ऐकून घ्यावे.

डोंगरदेवाचा मार्गशीर्ष महिना तोडणीच्या ऐन भरात येतो, म्हणून फडावर असलेल्यांचा डोंगरदेव चुकतो. होळीला मात्र काही जण दोन-चार दिवस तरी घरी जाऊन येतात. आणि चैत्र सरत आला की फडावरची माणसे अस्वस्थ होतात. कारखान्याचे गाळप लांबले तर मुकादम थांबवून धरतो; वर डोंगरात मात्र टहाळ वाळलेला असतो आणि मृगाच्या आत राब भाजायचा असतो. तो एकदा चुकला की त्या वर्षीची नागली गेली. म्हणून वैशाखात हिशेब पुरा झाला असो वा नसो, घोंगड्या, भांडी, कोयते आणि मुले ट्रकात चढवून ती बारडोलीच्या रस्त्याने परत निघतात.